लग्नाच्या कामात साडेतेरा किलोचे किट: पाठ वाचवायची की बॅकअप?

नाशिक_मुहूर्त

नमस्कार. मी गेली १५ वर्षे नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांत लग्नांचे छायाचित्रण करतो. वय ४१ आहे. या हंगामात सलग तीन दिवसांत दोन लग्ने केली आणि चौथ्या दिवशी सकाळी दात घासताना बेसिनवर वाकलो, तो सरळ होता येईना. डॉक्टरांनी तपासून सांगितले की सध्या स्नायूंवरचाच ताण आहे, मणक्यात काही बिघडलेले नाही. मात्र हेच असेच चालू ठेवले तर पुढचे सांगता येणार नाही. दहा दिवस विश्रांती घेतली, त्यात एक साखरपुडा मित्राकडे सोपवावा लागला.

विश्रांतीच्या काळात पहिल्यांदाच, प्रवासी बॅगा मोजण्याचा हुकाचा काटा आणून माझी पाठीवरची बॅग मोजली. ती १३.६ किलो भरली. तिच्यात निकॉन डी७५० चे दोन बॉडी, २४-७० एफ २.८, ७०-२०० एफ २.८ ची दुसरी आवृत्ती, १४-२४ आणि ८५ एफ १.८ या लेन्स, दोन फ्लॅश, बॅटरीवर चालणारा एक मोठा लाइट, लॅपटॉप, चार्जर, सेल, कार्डे असा सगळा संसार असतो. स्टँड आणि छत्र्यांची पिशवी वेगळी, ती हातात. कार्यालयात पोचल्यावर बॅग कोपऱ्यात ठेवतो आणि दोन्ही कॅमेरे हार्नेसला, म्हणजे खांद्यांवरून घ्यायच्या जोडपट्ट्याला, अडकवतो: एकावर २४-७०, दुसऱ्यावर ७०-२००. आदल्या संध्याकाळच्या सीमंतपूजनापासून दुसऱ्या दिवशी वरात निघेपर्यंत ते दोन्ही अंगावरच असतात. जेवायला बसलो तरच उतरतात.

माझे प्रश्न असे आहेत. पहिला, मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याकडे, गेल्याने वजनात खरोखर किती फरक पडतो? दुकानदार म्हणतात की निम्मे होते, पण मला ते पटत नाही, आणि सगळी प्रणाली बदलायची तर रक्कम लहान नाही. दुसरा, चाकांची बॅग घेतलेल्यांचा अनुभव काय? तिसरा आणि खरा प्रश्न असा की लग्नात पुन्हा घेता येण्यासारखे काहीच नसते. अंतरपाट एकदाच दूर होतो. त्यामुळे कोणतीही वस्तू घरी ठेवायची म्हटले की हात थरथरतो. बॅकअप कमी न करता वजन कसे कमी करावे? जानेवारीत गोव्यात एक लग्न आहे, तिथे विमानाने जायचे आहे, तेव्हा त्याबद्दलही कोणी सांगितले तर बरे होईल.

पुणे_कॅन्डिड

तुम्ही वजन केलेत हेच मोठे काम झाले. आपल्यापैकी बहुतेकजण "जड आहे" एवढेच म्हणतात आणि नवीन बॅग विकत घेतात.

मिररलेसचा हिशेब मी गेल्या वर्षी स्वतःसाठी केला होता, आणि योगायोगाने माझेही किट तुमच्यासारखेच होते. बॅटरी आणि कार्डासह डी७५० चे वजन ८४० ग्रॅम, निकॉनच्याच मिररलेस झेड ६ टू चे ७०५. म्हणजे एका बॉडीमागे १३५ ग्रॅम वाचतात. परंतु जुन्या लेन्स वापरायच्या तर एफटीझेड टू हा अडॅप्टर लागतो आणि तो १२५ ग्रॅमचा आहे. केवळ बॉडी बदललेत तर लाखांच्या घरातला खर्च करून प्रत्येक खांद्यावरचे १० ग्रॅम कमी होतील. तेवढे तर खिशातल्या चिल्लरचे असतात.

लेन्सही बदलल्या तर चित्र थोडे सुधारते. आज तुमच्या हार्नेसवर ४१२० ग्रॅम आहेत: दोन बॉडींचे १६८०, २४-७० चे ९००, ७०-२०० चे १५४०. झेड मालिकेतली हीच जोडी ८०५ आणि, तिपाईची पट्टी (लेन्सभोवतीची, तिपाईवर बसवायची कडी) धरून, १४४० ग्रॅमची आहे, त्यामुळे एकूण ३६५५ होतात. सगळे विकून, सगळे नव्याने घेऊन अर्धा किलोही वाचत नाही. ७०-२०० ऐवजी ७०-१८० एफ २.८ घेतलीत तर ती एकटी ७९५ ग्रॅमची असल्याने बेरीज ३०१० वर येते. हा मात्र खरा फरक आहे. याचे कारण साधे आहे. आरसा आणि त्याची पेटी काढल्याने बॉडी हलकी होते, पण एफ २.८ एवढा प्रकाश आत घ्यायला जेवढी काच लागते तेवढी लागतेच. वजन काचेत असते. शिवाय डी७५० मध्ये एसडी कार्डाच्या दोन खाचा आहेत, तर झेड ६ टू मध्ये एक एसडीची आणि दुसरी सीएफएक्स्प्रेस किंवा एक्सक्यूडीची, म्हणजे कार्डांचाही खर्च धरावा लागतो. मिररलेसचे डोळ्यांवरचे फोकस आणि आवाजाविना चालणारे शटर यांसाठी बदल करायचा असेल तर अवश्य करा, मीही केला. पण पाठीसाठी म्हणून करू नका.

आता बिनखर्चाचा हिशेब पाहा. दुसऱ्या बॉडीवर ७०-२०० ऐवजी तुमच्याकडे आधीच असलेली ८५ एफ १.८ लावली, तर ती ३५० ग्रॅमची असल्याने हार्नेसवर २९३० ग्रॅम राहतात. एक रुपयाही न देता जवळपास १२०० ग्रॅम कमी झाले. ७०-२०० मंगलाष्टकांच्या वेळी स्टेजखालून हवीच, स्वागत समारंभात भाषणे असतील तर तेव्हाही हवी. ती तेवढ्यापुरती बॅगेतून काढावी आणि पुन्हा ठेवावी. हळदीच्या अंगणात, जिथे नवरीची मावशी तुमच्यापासून चार फुटांवर उभी असते, तिथे ती कशासाठी लटकते आहे?

एक काम सुचवतो. लाइटरूममध्ये (छायाचित्रे लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) मागच्या वर्षीची सगळी लग्ने उघडा आणि ग्राहकाला दिलेली छायाचित्रे लेन्सनुसार गाळून पाहा. मी हे केले तेव्हा १४-२४ ने काढलेली, म्हणजे सुमारे किलोभर वजनाच्या लेन्सची, छायाचित्रे एका लग्नामागे पाच-सहाच निघाली आणि त्यातली बहुतेक मांडवाची होती. ती लेन्स आता घरीच असते.

हाडवैद्य_नव्हे_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझे यजमान वृत्तपत्र छायाचित्रकार आहेत, म्हणजे हा विषय मला दवाखान्यात आणि घरात, दोन्हीकडे भेटतो.

पाठीवरची १३.६ किलोची बॅग वाईट आहे, पण ती तुम्ही गाडीपासून कार्यालयापर्यंतच वाहता. दुखणे बहुधा इतर तीन जागी तयार होते. पहिली जागा म्हणजे डोळ्याला लावलेला कॅमेरा. ७०-२०० लावलेला तुमचा कॅमेरा २३८० ग्रॅमचा आहे. तो कोपर बरगडीला टेकवून धरला तर भार धडावर उतरतो, पण कोपरे हवेत ठेवून, मान पुढे काढून धरला तर तेवढ्याच वजनासाठी मानेच्या आणि दोन्ही खांद्यांमधल्या स्नायूंना कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. वजन शरीरापासून जितके दूर जाते तितकी त्याची ओढ वाढते. विहिरीतून भरलेली घागर काठाशी आल्यावर आपण ती आधी कमरेशी का घेतो, ते याचसाठी. दुसरी जागा म्हणजे गाडीची डिकी. दोन-तीन तास गाडी चालवून आल्यावर लगेच, पाय न हलवता कमरेतून वळून बॅग उचलणे हे मी ऐकलेल्या बहुतेक कहाण्यांचे पहिले वाक्य असते. उतरल्यावर दोन-तीन मिनिटे चाला, बॅग आधी डिकीच्या काठापर्यंत ओढा, तिच्याकडे तोंड करून गुडघे आणि खुबे वाकवून ती पोटाशी धरून उचला, आणि वळायचे असेल तेव्हा पाय फिरवा. तिसरी जागा म्हणजे ओणवे उभे राहणे. विधी खाली पाटावर चालतात आणि छायाचित्रकार अर्धा वाकून तासभर उभा राहतो. त्यापेक्षा एक गुडघा जमिनीवर टेकून बसा. गुडघ्याला गादीचा तुकडा बांधला तरी कोणी हसत नाही, आणि हसले तर हसू द्या.

बॅगेला रुंद कमरपट्टा असेल तर तो खुब्याच्या हाडांवर घट्ट बांधा, पोटावर नाही. त्याने भार खांद्यांवरून ओटीपोटाच्या हाडांवर जातो. बहुतेक छायाचित्रकार तो पट्टा लोंबत ठेवतात किंवा कापून टाकतात, त्यात आमचे हेही आले.

तुमच्या डॉक्टरांनी तपासले आहे, म्हणून मी त्यावर काही बोलत नाही. फक्त एवढे लक्षात ठेवा की पायात मुंग्या, बधिरपणा किंवा कमजोरी जाणवली तर पुढच्या लग्नाची वाट न पाहता त्यांच्याकडे जा, आणि लघवी-शौचावरचे नियंत्रण बिघडले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

म्हापशाची_लेन्स

दादा, गोव्याचे मी सांगते, कारण माझी निम्मी कामे इथल्या किनाऱ्यांवरच्या हॉटेलांत असतात.

चाकांची बॅग मी आठ वर्षे वापरते आणि विमानतळ, हॉटेल, मोठी सभागृहे या ठिकाणी ती वरदान आहे. वाळूत मात्र ती बॅग नसते, नांगर असतो. जुन्या मंगल कार्यालयांचे जिनेही तिला मानवत नाहीत. उचलायची वेळ आली की चाके आणि दांड्याचे वजन तुमच्याच हाताला लागते. म्हणून माझी पद्धत अशी आहे की चाकांची बॅग वधूच्या खोलीत किंवा व्यवस्थापकाच्या कचेरीत पोचवायची, सायकलच्या तारेच्या कुलपाने ती खांबाला किंवा पलंगाच्या पायाला बांधायची, आणि तिथून पुढे कमरेच्या पट्ट्याला दोन कप्पे लावून फिरायचे: एकात लेन्स, दुसऱ्यात बॅटऱ्या आणि फ्लॅशचे सेल. भरलेली कार्डे त्यात नसतात. ती चेन असलेल्या आतल्या खिशात, अंगावर. बॅग चोरीला गेली तर विमा आहे, पण लग्न चोरीला गेले तर त्याला विमा नाही. विम्यासाठी प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक आणि बिल आधीच लिहून, छायाचित्र काढून ठेवा. नंतर शोधाशोध होत नाही.

विमानाचे थोडक्यात. देशांतर्गत प्रवासात हातातल्या सामानाला साधारणपणे ७ किलोची मर्यादा असते, तरीही तिकिटावरचा आकडा पाहून घ्या. कॅमेरे आणि लेन्स हातात, स्टँड आणि छत्र्या खालच्या सामानात. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र खालच्या सामानात टाकायच्याच नाहीत, त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात आणि त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावावी किंवा त्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवाव्यात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना विशेष परवानगी लागत नाही. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या त्याच्या कितीतरी आत असतात, पण मोठ्या लाइटच्या बॅटरीवर छापलेला आकडा वाचून घ्या. माझा सल्ला विचाराल तर मोठा लाइट आणि स्टँड घेऊन येऊच नका. इथे ते भाड्याने मिळतात.

जानेवारीत दमटपणा पावसाळ्यासारखा नसतो, तरी वातानुकूलित खोलीतून थेट बाहेर काढलेल्या लेन्सवर वाफ धरू शकते. कॅमेरे बंद बॅगेसकट अर्धा तास आधी बाहेर आणून ठेवा.

आता हार्नेसबद्दल, जे मला स्वतःला महागात पडले. हार्नेसचा आकडा (हूक) कॅमेऱ्याच्या तळाला, तिपाईच्या छिद्रात स्क्रूने बसतो. चालताना कॅमेरा मांडीवर आपटत हेलकावतो आणि तो स्क्रू कणाकणाने सैल होत जातो. एका देवळाच्या पायऱ्यांवर माझा ७०-२०० लावलेला कॅमेरा असाच निसटला. लेन्सची पुढची कडा चेपली आणि दुरुस्तीत त्या लग्नाचे निम्मे मानधन गेले. तेव्हापासून दोन नियम पाळते. जड लेन्स असेल तर आकडा कॅमेऱ्याला न लावता लेन्सच्या तिपाईच्या पट्टीला लावायचा, म्हणजे माउंटवर, जिथे लेन्स कॅमेऱ्याला जोडते तिथे, ताण येत नाही. आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्यासाठी वरच्या बाजूला जी कडी असते, तिच्यापासून हार्नेसपर्यंत एक वेगळी दोरी बांधायची. स्क्रू सुटला तरी कॅमेरा दोरीवर लटकतो.

जुनी_निगेटिव्ह

आमच्या काळी याशिका मॅट हा फिल्मचा कॅमेरा असायचा, एका रोलमध्ये १२ फ्रेम, आणि खांद्यावर फ्लॅशच्या बॅटरीचा डबा. व्हिडिओवाल्याबरोबर सनगन, म्हणजे प्रखर दिवा, धरायला एक पोरगा असायचा. आज तो पोरगा कुठे गेला, असा मला प्रश्न पडतो. तुम्ही लाख-दीड लाखाचे काम घेता आणि स्टँडची पिशवी स्वतः उचलता, हे मला समजत नाही. बॅकअप म्हणजे दुसरा कॅमेरा, हे खरेच आहे. पण तो तुमच्याच अंगावर असला पाहिजे असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? तो सहायकाच्या खांद्यावर, तुमच्यापासून दहा पावलांवर असला तरी तो बॅकअपच असतो. सहायकाची रक्कम दरपत्रकात वेगळी न दाखवता मूळ दरातच धरावी, म्हणजे ग्राहक ती कापायला सांगत नाही.

दिवेघाट_पायी

वरच्या सर्वांशी सहमत आहे, फक्त सहायकाबाबत थोडे निराळे मत आहे. गर्दीत दहा पावले हे फार मोठे अंतर असते. मी दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालतो. पुण्याहून सासवडचा टप्पा तीसेक किलोमीटरचा, मध्ये दिवे घाटाची चढण. त्या गर्दीत माझा सहायक माझ्या डोळ्यांदेखत पलीकडच्या दिंडीत अडकला आणि सासवडलाच भेटला, तोही भजन म्हणत. लग्नातही वरात दारात आली की हेच होते. म्हणून बॅकअप बॉडी त्याच्याकडे असली, तरी एक जादा बॅटरी, एक रिकामे कार्ड आणि एक छोटी लेन्स हे तिन्ही माझ्या खिशात असतेच.

वारीने मला एक गोष्ट शिकवली, ती तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला लागू पडते असे वाटते. पहिल्या वर्षी मी सगळे दिवस सगळे सामान वाहिले आणि लोणंदपर्यंत टाचांना फोड आले. आता मोठी लेन्स फक्त दिवे घाटाच्या दिवशी आणि चांदोबाच्या लिंबाच्या उभ्या रिंगणासारख्या ठरावीक दिवशी काढतो, कारण ती कुठे लागणार हे आधी माहीत असते. एरवी ती दिंडीच्या ट्रकमधून पुढच्या मुक्कामी जाते, आणि मी एक बॉडी, २४-७० आणि रेनकोट घेऊन चालतो. लग्नालाही पत्रिका असते. मुहूर्त १२ वाजून १८ मिनिटांचा असेल तर ७०-२०० बाराला काढा आणि पाऊणला ठेवा. प्रत्येक विधीपुढे कोणती लेन्स हे आदल्या रात्री कागदावर लिहिलेत की हात थरथरायचा थांबतो, निदान माझा थांबला.

नाशिक_मुहूर्त

सर्वांचे मनापासून आभार. लगेच उत्तर दिले नाही, कारण मधल्या दोन लग्नांत करून पाहावे आणि मगच लिहावे असे ठरवले होते.

लाइटरूममधला हिशेब केला. १४-२४ ची अवस्था पुण्याच्या मित्रांसारखीच निघाली, ती घरी राहिली. लॅपटॉपही घरी राहिला. तो आणि त्याचा चार्जर मिळून अडीच किलो होते आणि मी तो केवळ जेवणाच्या सुट्टीत कार्डे उतरवण्यासाठी नेत होतो. दोन्ही खाचांत कार्डे लावून प्रत्येक छायाचित्र दोन्हीवर लिहिले जाईल असे ठरवल्यावर त्याची गरज उरली नाही. खरा धक्का रिकामी बॅग मोजल्यावर बसला. ती एकटीच २.६ किलोची आहे! चाकांची बॅग घेतलेली नाही, कारण आमच्याकडची निम्मी कार्यालये पहिल्या मजल्यावर आहेत. सुमारे किलोभराची जुनी, पातळ बॅग माळ्यावर होती, तीच धुऊन काढली. आता भरलेली बॅग साडेआठ किलोच्या आत आहे आणि स्टँडची पिशवी सहायक उचलतो. त्याला दिवसाचे १२०० रुपये देतो. दरपत्रकात त्याचा उल्लेख नाही.

हार्नेसवर २४-७० आणि ८५ एवढेच होते. पहिल्या लग्नात एकदा पश्चात्ताप झाला: आजोबांनी लांबून नातीकडे पाहून डोळे पुसले आणि माझ्या हातात ८५ होती. छायाचित्र घेतले, नंतर कापून मोठे केले. चालण्यासारखे आहे, पण ७०-२०० ने घेतले असते तसे नाही. दुसऱ्या लग्नात कागदावर "पाठवणी: ७०-२००" अशी ओळ वाढवली. पाठ दुसऱ्या दिवशी आखडलेली होती, पण बेसिनवर वाकता आले. फिजिओ ताईंनी सांगितलेली गुडघ्याची गादी मुलाच्या स्केटिंगच्या सामानातून मिळाली.

मिररलेसचा विचार या हंगामापुरता सोडला आहे. गोव्याच्या ताईंना एकच विचारायचे आहे: ती सुरक्षेची दोरी कोणती वापरता आणि किती लांब ठेवता? मी नाडीची दोरी लावून पाहिली, ती कॅमेरा डोळ्याला लावताना ताणली जाते.

म्हापशाची_लेन्स

नाडी नको, ती घासून तुटते. गिर्यारोहणाचे सामान मिळते त्या दुकानात चार मिलिमीटरची विणलेली नायलॉनची दोरी मिळते, ती घ्या. कॅमेरा डोळ्याला लावून, कॅमेऱ्याच्या वरच्या कडीपासून हार्नेसपर्यंत मोजा आणि त्यात चार बोटे वाढवा. गाठ मारल्यावर दोरीची टोके मेणबत्तीवर वितळवा, नाहीतर आठवड्यात उसवतात. आणि गाठ दर लग्नाच्या सकाळी एकदा ओढून पाहा, स्क्रूबरोबरच.